आतलं वळण

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की कर्नाळ्याच्या जंगलाआधी शिरढोण येतं. इंग्रजांविरुद्ध बंड उभारणाऱ्या वासुदेव बळवंत फडके यांचं हे गाव. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका अजून ताठ उभा आहे. तटाचे चिरे मात्र एकेक करून उताराला लागले. गावात फडक्यांचं घर आहे. कोकणातलं जुनं घर म्हटलं की छप्पर आलं, छप्पर म्हटलं की कौलं आली, आणि कौलं म्हटली की शाकारणी आली. एका परदेशी शब्दाचा माग काढताना मी या शाकारणीपाशी येऊन थांबलो, म्हणून सुरुवातही इथूनच करतो.

जुनी छपरं नळीच्या कौलांची असत. कुंभाराने चाकावर घडवलेली, अर्धगोल, एकमेकांवर नुसती पालथी-उताणी ठेवलेली. त्यांना खिळा नाही, चुना नाही. वर्षभरात वानरं उड्या मारून जातात, रात्री मांजरं फिरतात, आंब्याची वाळकी फांदी पडते, वारा खालून उचलून बघतो. कौल बोटभर सरकतं. बोटभर सरकलेलं कौल उन्हाळ्यात कळत नाही. पावसाळ्यात तिथून एक थेंब वाशावर पडतो, वासा ओला राहतो, ओल्या वाशाला वाळवी लागते आणि चार वर्षांत पाखं खाली बसतं. म्हणून वैशाख सरता सरता घर शाकारायचं. एक माणूस आढ्यापाशी, एक मधे, एक खाली. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, शेवाळ खरवडायचं, पन्हळीतला पाला काढायचा. वासा ठोकून बघायचा. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर बदलायचा. मग पुन्हा एकेक कौल जागेवर. हे दरवर्षी. गेल्या वर्षी केलं होतं म्हणून यंदा सुटका नाही.

कौलं आपोआप सरकतात. आपोआप जागेवर आलेली कुणी पाहिली नाहीत. असं का, या प्रश्नाला भौतिकशास्त्राने जे नाव दिलं ते एंट्रॉपी.

थोडं मोजून बघू. समजा छपराच्या एका ओळीत वीसच कौलं आहेत आणि प्रत्येक कौल एकतर जागेवर आहे किंवा सरकलेलं आहे. अशा ओळीच्या एकूण अवस्था होतात १०,४८,५७६. त्यांपैकी वीसही कौलं जागेवर असण्याची अवस्था एकच. दहा जागेवर आणि दहा सरकलेली, अशा अवस्था १,८४,७५६. वानराला घराचा राग नसतो आणि वाऱ्याला दुष्टपणा माहीत नसतो. ते नुसती ओळ हलवतात, आणि हललेली ओळ जिथे जागा जास्त तिथे जाऊन पडते. घर गळण्याचे मार्ग लाखो आहेत, न गळण्याचा एक. लुडविग बोल्ट्समानने १८७७ साली एंट्रॉपीचा अर्थ असा मोजणीत आणून बसवला. व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीवर, त्याच्या अर्धपुतळ्याच्या वर, एक छोटं सूत्र कोरलेलं आहे: एंट्रॉपी म्हणजे शक्य अवस्थांच्या संख्येचं लॉगरिदम, एका स्थिरांकाने गुणलेलं. त्या रूपात ते सूत्र त्याने स्वतः लिहिलं नव्हतं, ते माक्स प्लांकने लिहिलं. पण समाधीवर ते शोभतं. अणू खरे आहेत हे लोकांना पटवता पटवता तो माणूस थकला आणि १९०६ साली त्याने आपलं आयुष्य संपवलं.

पण बोल्ट्समान या गोष्टीत मध्यावर येतो. सुरुवात आगीपासून आहे.

इंग्रजांनी आणलेल्या त्या धुराच्या यंत्राला इंग्रजीत वाफेचं नाव मिळालं, रुळांचं नाव मिळालं. मराठी माणसाने त्याला आगगाडी म्हटलं, आणि समुद्रावरच्या भावंडाला आगबोट. लहानपणी मला हे नाव भाबडं वाटायचं. आता वाटतं, नाव ठेवणाऱ्याची नजर थेट भट्टीवर गेली होती. १८२४ साली साडी कार्नो या फ्रेंच तरुणाने एक छोटं पुस्तक छापलं, त्याचा विषयच आगीची चालकशक्ती हा होता. वाफ ही मधली दलाल आहे, असं त्याने दाखवलं. खरा खेळ आहे तो उष्णता तापलेल्या जागेकडून थंड जागेकडे उतरण्याचा. पाणी वरून खाली पडताना चाक फिरवतं, तशी उष्णता उतरताना इंजिन फिरवते. दोन्ही ठिकाणचं तापमान सारखं असेल तर कितीही उष्णता असून उपयोग नाही, जसं सपाट तळ्यातल्या पाण्यावर गिरणी चालत नाही.

आमच्या भागात ही दोन्ही चित्रं एकाच डोंगरात आहेत. बोरघाटातून आगगाडीचा मार्ग १८६३ साली खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट अशी चढण. आणि त्याच घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला १९१५ पासून टाटांच्या वीजघरात लोणावळ्याच्या बाजूचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येऊन जनित्रं फिरवतं. वर चढणारी आग आणि खाली उतरणारं पाणी. कार्नोची उपमा समजवायला मास्तरांनी वर्गाला खोपोलीला न्यावं.

तरुण वासुदेव बळवंत काही काळ मुंबईला जी. आय. पी. रेल्वेच्याच नोकरीत होते. पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली. बंडाचा माणूस दिवसभर जमा आणि नावे लिहीत बसलेला डोळ्यांसमोर आणला की मला झुरिकमधला दुसरा एक हिशेबनीस आठवतो.

रुडॉल्फ क्लाउझियुस झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होता. ऊर्जेचा ताळेबंद जुळतो, हे तोवर पटलेलं होतं. एका खात्यातून गेलं ते दुसऱ्यात जमा होतं, एकूण तेवढंच राहतं. क्लाउझियुसला दिसलं की नुसता मेळ बसून भागत नाही. उष्णता किती गेली याच्याइतकंच ती कोणत्या तापमानाला गेली हे महत्त्वाचं आहे. मग त्याने उष्णतेला तापमानाने भागून एक नवा रकाना उघडला. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. बर्फ शून्य अंशावर, म्हणजे २७३ केल्विनवर. भागाकार आला १.२२. ती उष्णता दिली खोलीतल्या ३० अंशांच्या हवेने, म्हणजे ३०३ केल्विनने. तिचा भागाकार १.१०. हवेच्या नावे १.१०, बर्फाकडे जमा १.२२. ऊर्जेच्या खात्यात एका पैचा फरक नाही आणि या नव्या रकान्यात ०.१२ शिल्लक वाढली, कुठून न येता. जगात काहीही घडलं की या रकान्यात भर पडते, फार तर तो स्थिर राहतो, पण उतरत कधी नाही.

या राशीला तो आधी ‘समतुल्य मूल्य’ अशासारखी लांबलचक नावं देत होता. २४ एप्रिल १८६५ रोजी झुरिकच्या निसर्गविज्ञान सभेपुढे निबंध वाचताना त्याने तिला नाव दिलं: एंट्रोपी. ग्रीक ‘त्रोपे’ म्हणजे वळणं, पालटणं. ‘एनर्जी’ या शब्दाशी यमक जुळावं म्हणून आधी ‘एन्’ लावला, कारण त्याच्या मते या दोन राशी सख्ख्या बहिणींसारख्या होत्या. प्राचीन भाषेतून शब्द घ्यायचं कारणही त्याने सांगितलं: असा शब्द सगळ्या जिवंत भाषांत एकाच रूपाने नांदू शकेल.

त्या दिवशी शिरढोणचा वासुदेव एकोणीस वर्षांचा होता. आणि त्याच दशकात स्वित्झर्लंडच्याच बाझल शहरातल्या मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला होता. मंगलोरी कौल चपटं, मागे रिपेला अडकणारी खूण असलेलं, शेजाऱ्यात खाचेने बसणारं. ते सहज सरकत नाही. कोकणात ते पसरत गेलं तशी वर्षाची शाकारणी दोन-तीन वर्षांवर गेली. एका स्विस शहरात पडझडीला नाव मिळत होतं आणि दुसऱ्या स्विस शहरातली माणसं आमच्या किनाऱ्यावर पडझड लांबवायची खाच घडवत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला मात्र त्या वेगळ्या करून लिहिता येत नाहीत.

‘त्रोपे’चं गोत मोठं आहे. सूर्य जिथून मागे वळतो त्या कर्क आणि मकर वृत्तांना इंग्रजीत ‘ट्रॉपिक’ म्हणतात, ते या वळणावरून. शत्रूने जिथे पाठ फिरवली त्या जागी ग्रीक लोक विजयचिन्ह उभारत, त्यावरून ‘ट्रॉफी’. म्हणजे रायगडातल्या गावोगावच्या कबड्डीच्या आणि टेनिस-बॉल क्रिकेटच्या सामन्यांनंतर मांडवात चमकणारी ट्रॉफी ही एंट्रॉपीची चुलत बहीण. डोळ्यांचे डॉक्टर पापणी आत वळून बुबुळाला टोचू लागली की तिला ‘एंट्रोपियन’ म्हणतात. तेच दोन तुकडे, तोच क्रम, आणि तो शब्द क्लाउझियुसच्या आधीचा. ‘त्रोपे’ला मराठीत सरळ शब्द आहे: वळण. रस्त्याचं वळण, अक्षराचं वळण, पोराला लावायचं वळण. एंट्रॉपी म्हणजे शब्दशः आतलं वळण.

नाव ठेवल्यावर ते लगेच रुळलं असं नाही. स्कॉटलंडच्या पीटर टेटने १८६८ साली शब्द घेतला आणि अर्थ उलटा केला; त्याच्या लेखी एंट्रॉपी म्हणजे कामाला येण्याजोगी ऊर्जा, जी घटत जाते. मॅक्सवेलनेही आपल्या १८७१च्या पुस्तकात तोच उलटा अर्थ घेतला आणि पुढे दुरुस्त केला. एवढ्या मोठ्या माणसांचा गोंधळ झाला, याचं मला नवल वाटत नाही. माणसाला काय उरलं ते मोजायची सवय असते. क्लाउझियुस काय निसटलं ते मोजायला सांगत होता.

उरलेलं मोजायची टेटच्या मनातली ती गरज पुढे वेगवेगळ्या नावांनी वर येत राहिली. जर्मनीत फेलिक्स आउअरबाखने १९१० साली ‘एक्ट्रोपी’ची मांडणी केली: ‘एन्’च्या जागी ‘एक्’, आतच्या जागी बाहेर, जीवन हे ऱ्हासाच्या उलट दिशेने जातं, असं त्याचं म्हणणं. इटलीचे गणिती लुइजी फांतापिए यांनी ‘सिंट्रोपी’ आणली. श्रोडिंगरने १९४४ साली जीवन म्हणजे काय हे सांगताना लिहिलं, की सजीव ऋण एंट्रॉपीवर जगतो. ब्रिल्युआँने त्याचा आखूड शब्द केला, ‘नेगेंट्रोपी’. १९८८च्या सुमारास कॅलिफोर्नियात माणसाच्या अमर्याद प्रगतीवर श्रद्धा असलेल्या मंडळींनी ‘एक्स्ट्रोपी’ घडवला. या सगळ्यांत कामाचा निघाला तो स्लोव्हेनियाच्या झोरान रांतचा १९५६चा शब्द: ‘एक्सर्जी’, म्हणजे भोवतालच्या तापमानाच्या तुलनेत खरोखर कामाला लावता येईल एवढी ऊर्जा. उरणच्या वायू वीजकेंद्रात टर्बाइनमधून बाहेर पडणारा तप्त धूर तसाच आकाशात न सोडता त्यावर पुन्हा वाफ करून वीज काढतात. तिथला अभियंता एक्सर्जी राखत असतो. बाकीचे बरेचसे शब्द मला आकांक्षेचे वाटतात. एक उपसर्ग बदलून नियम बदलल्यासारखं वाटावं, इतकंच त्यांचं बळ.

बहिणींतली एक मात्र नीट नांदली. हॉलंडमध्ये लायडनच्या कॅमरलिंग ओनेसने ‘तापवणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ‘एंथाल्पी’ दिला. १९०९पासून तो छापलेला सापडतो. बारावीच्या रसायनशास्त्रात एंथाल्पी आणि एंट्रॉपी या दोघी एकदमच येतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकींत मिसळतात.

आणखी एक वळण टेलिफोनच्या तारेवरून गेलं. क्लॉड शॅनन १९४८ साली संदेशातली अनिश्चितता मोजत होता. त्याचं सूत्र बोल्ट्समानच्या सूत्रासारखंच निघालं. नाव काय द्यावं असं विचारल्यावर जॉन फॉन नॉयमनने एंट्रॉपी सुचवलं, आणि कारण दिलं की या शब्दाचा नेमका अर्थ कुणालाच ठाऊक नसल्याने वादात तुझीच बाजू वरचढ राहील, असा किस्सा सांगतात. मोबाइलमधला फोटो आज आखडून छोटा होतो, त्यातलं काहीही न गमावता तो किती छोटा होऊ शकेल याची सीमा ही एंट्रॉपीच ठरवते.

शब्दाने एक मुक्काम चीनमध्येही केला. तिथे हू गांगफू या भौतिकशास्त्रज्ञाने १९२३ साली एका परदेशी पाहुण्याचं व्याख्यान भाषांतरित करताना नवीन अक्षरच घडवलं. भागाकाराचं अक्षर घेतलं आणि त्याच्या डाव्या अंगाला अग्नीचं चिन्ह जोडलं. उष्णता भागिले तापमान, आगीचा भागाकार. क्लाउझियुसच्या ग्रीक शब्दात जे दिसत नाही ते या एका अक्षरात दिसतं. याचा मला हेवा वाटतो.

आपल्याकडे शब्द घडवायची परंपरा तोकडी नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला. रत्नागिरीत सावरकरांनी भाषाशुद्धीचं काम हाती घेतलं आणि ‘दिनांक’, ‘महापौर’ हे त्यांचे शब्द आज कुणाचे आहेत हे आठवावंही लागत नाही. राज्याचं भाषा संचालनालय १९६० साली सुरू झालं. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली विश्वकोश उभा राहिला. मूळ खंडांच्या आधी, १९७३ साली, नुसत्या परिभाषेचाच खंड निघाला. थर्मोडायनॅमिक्सला तिथे ‘ऊष्मागतिकी’ मिळाली. एंट्रॉपी मात्र देवनागरीत एंट्रॉपीच राहिली.

एकदा हा शब्द मराठीच्या उंबऱ्यापर्यंत आला होता, असं मला वाटतं. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते १९१५ साली छापलं गेलं. त्यात सांख्यांच्या सृष्टिक्रमाशेजारी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलचं जडाद्वैत मांडलेलं आहे. हा हेकेल एंट्रॉपीचा उघड विरोधक होता; विश्व अखेरीस थकून जाईल हे मान्य केलं तर त्याचं अनादि-अनंत विश्व कोसळलं असतं, म्हणून १८९९च्या आपल्या पुस्तकात त्याने तो नियम विश्वाला लागू करायलाच नकार दिला. आणि गंमत अशी, की सांख्यांकडे या कल्पनेच्या शेजारी ठेवता येईल असा शब्द होता: साम्यावस्था. सत्त्व, रज, तम हे तिन्ही गुण समतोल असतात तेव्हा काहीच घडत नाही. तोल बिघडला की सृष्टी सुरू होते, आणि प्रलयात सगळं पुन्हा साम्यावस्थेला जातं. सांख्यांच्या कपिलमुनींना ऊष्मागतिकी ठाऊक होती असं मी म्हणत नाही, म्हणणाऱ्याला मी हात जोडीन. त्यांच्याकडे मोजमाप नव्हतं आणि मोजमापाशिवाय हा नियम नाही. पण सगळीकडे सारखं असणं म्हणजे काही न घडणं, ही समज त्या शब्दात आहे. भौतिकशास्त्राने ‘समतोल’ घेतला आणि ‘साम्यावस्था’ तत्त्वज्ञानाच्या कपाटात राहिली.

शब्द कसा रुजतो याला नियम सांगणं कठीण. ‘उत्क्रांती’च घ्या. संस्कृतात उत्क्रान्ति म्हणजे प्राणाने देह सोडून वर निघणं, मरणसमयीचा शब्द. आज तो जीवनाच्या चढत्या वाटेचं नाव आहे आणि कुणाला खटकत नाही. ‘कृष्णविवर’ रुजला, कारण त्याला गोष्ट मिळाली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली कथा पहिली आली. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर निघत. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. ही परिषद स्थापन झाली तो दिवस २४ एप्रिल १९६६, क्लाउझियुसच्या त्या वाचनाला बरोबर एकशे एक वर्षं झाली तो दिवस.

एंट्रॉपीला अशी गोष्ट मिळाली नाही, पण खरं कारण त्याहून रोखठोक आहे. ती येते अकरावी-बारावीत. दहावीच्या मराठी पुस्तकात अप्रकट उष्मा आहे, विशिष्ट उष्माधारकता आहे, दवबिंदू आहे. मुलं ते शब्द वापरतात, चुकतात, दुरुस्त करतात. मग विज्ञानशाखा इंग्रजीत जाते आणि त्या फाटकाच्या पलीकडे जे काही येतं त्याला मराठी नाव लागतच नाही. कोशात शब्द करून ठेवला तरी तो वापरणारं तोंड नाही. भाषेत शब्द नाही म्हणून आपण स्वतःला कमी लेखतो. तो वापरायची जागाच आपण बंद केली, हे आधी मान्य केलं पाहिजे.

त्यामुळे वर्गात एका ओळीत उत्तर दिलं जातं: एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्थेचं माप. हे उत्तर मला नको वाटतं, आणि मी एकटा नाही. अमेरिकेत फ्रँक लँबर्ट या रसायनशास्त्राच्या शिक्षकाने उतारवयात ‘अव्यवस्था’ हा शब्द पाठ्यपुस्तकांतून काढायची मोहीमच चालवली. पसारा आपल्या नजरेत असतो. एंट्रॉपी म्हणजे ऊर्जा किती पसरली आहे आणि किती प्रकारे मांडली जाऊ शकते, याची मोजणी. त्याहून चुकीचा शब्द म्हणजे विश्वाच्या अखेरीला दिलेला ‘उष्णतेने मृत्यू’. ऐकणाऱ्याला वाटतं विश्व भाजून मरणार. खरं तर सगळं सारख्या तापमानाला येणार, आणि मग उतार नाही म्हणून चाक फिरणार नाही. मराठीत यासाठी ‘कोमट’ आहे. कढत पाण्यात विसण घातलं की कोमट. कोमटातून पुन्हा कढत आणि गार वेगळं करून देणारी आजी मी पाहिलेली नाही. निवणं, विरणं, मुरणं, विटणं, आंबणं, कुजणं, झिजणं, विसकटणं: या क्रियापदांची दिशा एकच आहे आणि मराठीला ती पूर्वीपासून माहीत आहे. नाम तेवढं केलं नाही.

उलट नामं केली ती दुसऱ्या बाजूची. शाकारणी. डागडुजी. सारवण. मशागत. बेगमी. राखण. बांधबंदिस्ती. जीर्णोद्धार. मळणीच्या आधीचं खळं चोपणं, तुळशीपुढची रोजची रांगोळी, मिठागरातले बांध दर मोसमात नव्याने लिंपणं, किल्ल्याच्या टाक्यातला गाळ काढणं. क्लाउझियुसने निसटणाऱ्या गोष्टीला नाव दिलं. आमच्या भाषेने ती निसटू नये म्हणून करायच्या कष्टांना दिलं. ‘एक्ट्रोपी’ आणि ‘नेगेंट्रोपी’ घडवणारे जे शोधत होते, ते या यादीत बाईमाणसांच्या आणि कुळवाड्यांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या होतं. म्हणून माझं मत असं: राशीला एंट्रॉपीच म्हणावं, क्लाउझियुसची तशीच इच्छा होती. पण ती शिकवताना पत्त्यांचा कॅट पिसून दाखवण्याऐवजी कौलं शाकारून दाखवावीत.

आणि ती राशी आपल्यापासून दूर आहे असंही नाही. जेकब बेकनस्टाइनने १९७२ साली आणि मग हॉकिंगने दाखवलं, की कृष्णविवरालाही एंट्रॉपी असते आणि ती त्याच्या आकारमानावर ठरत नाही, क्षितिजाच्या क्षेत्रफळावर ठरते. ही मोजणी अवकाशाच्याच सूक्ष्म कणांतून कशी निघते, ते १९९८ साली मांडणाऱ्या चौघांत एक होते अभय अष्टेकर, जन्म धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा. बोल्ट्समानने वायूचे रेणू मोजले, अष्टेकरांनी पृष्ठभागाचे तुकडे. छपराचं क्षेत्रफळ बघून किती कौलं लागतील याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाला ही कल्पना समजावून सांगता येईल असं मला वाटतं. मला ती तशीच समजली.

छपरावरच्या त्या माणसाचा हिशेब राहिला. तो ओळ लावतो तेव्हा छपराची मोजणी कमी होते. दहा लाख अवस्थांतून तो एकीवर येतो. नियम मोडत नाही, कारण त्याची किंमत दुसरीकडे जमा होते. सकाळी खाल्लेली तांदळाची भाकरी त्याच्या अंगात जळते. तो तांदूळ सूर्याने पिकवला. सूर्याचा प्रकाश येतो सुमारे ५,८०० केल्विन तापलेल्या पृष्ठभागावरून, आणि पृथ्वी तेवढीच ऊर्जा कमी तापमानाची करून आकाशात परत पाठवते. आलेल्या एका प्रकाशकणामागे सुमारे वीस कण बाहेर जातात. ऊर्जा तीच, सुटे वीसपट. शिरढोणचं भात, घाटातली आगगाडी आणि आढ्यावर चढलेला माणूस या सुट्यावर चालतात.

मृग लागतो सात-आठ जूनला. त्याच्या आत शेवटची कौलं आढ्यावर बसवायची असतात. दुपारी माणूस शिडीवरून उतरतो, कमरेचा पंचा काढून मान पुसतो, तांब्याभर पाणी पितो. वर ओळ सरळ लागलेली असते, आणि त्याच्या अंगातून निघालेली उष्णता ज्येष्ठाच्या आधीच तापलेल्या हवेत मिसळून गेलेली असते.